सागवानी होडी आणि आपल्या घराचे दार

(कासारवाडी येथील प्रौढ वाचनवर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेले भाषण)



आज मी तुम्हाला लाकडाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. त्यातल्या पुष्कळ गोष्टी शिडाच्या होडीवरच्या आहेत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आपली कासारवाडी कुठे आणि समुद्र कुठे! आपल्याजवळ आहे ती पवना. तिच्यात शिडाची होडी कोण घालतो?"

तुमचे म्हणणे खरे आहे. पण असे पाहा. औषध विचारायचे ते वैद्याला, आणि पिकाचे विचारायचे ते शेतकऱ्याला. मग लाकूड पाण्यापासून कसे वाचवावे, हे कोणाला विचारावे? ज्याचा जीव लाकडाच्या चार फळ्यांवर तरंगतो, त्या होडीवाल्याला विचारावे. आपल्या दारात पाणी शिरले तर दार खराब होते. त्याच्या होडीत पाणी शिरले तर तो बुडतो. म्हणून तो लाकडाकडे फार बारकाईने पाहतो.

हा विषय निघाला तो आपल्या वर्गातूनच. एका बाईंनी विचारले, "घराचा जुना सागवानी दरवाजा करडा पडला आहे. जुने लाकूड घेणारा आला होता. तो म्हणतो, दरवाजा सडला, जळणाच्या भावात देऊन टाका. देऊ का?"

मी त्यांना म्हटले, "घाई करू नका. आधी दरवाजा सडला आहे का, ते बघू." आपल्या भागात जुनी घरे पाडली जात आहेत. रस्ते रुंद होत आहेत. जुन्या चौकटी, तुळया, दारे रोज विकली जात आहेत. ज्याला लाकूड कळते तो पैसा कमावतो. ज्याला कळत नाही तो घरची लक्ष्मी जळणाच्या भावात देतो. म्हणून आजचा धडा लाकडाचा.

साग चांगला का?

साग हे आपल्या देशातले झाड आहे. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट या भागांत सागाची मोठी जंगले आहेत. दिल्लीचे नवे संसद भवन २०२३ साली उघडले. त्याचे सागवान नागपूरहून गेले. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही त्याच वर्षी बल्लारपूरहून सागवान गेले.

आपल्या जवळचे उदाहरण घ्या. पुण्याच्या शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० साली सुरू झाले. त्याचे सागवान जुन्नरच्या जंगलातले आणि दगड आपल्या शेजारच्या चिंचवडच्या खाणीतला. १८२८ साली वाड्याला आग लागली आणि आतले लाकूडकाम जळून गेले. पाऊस आणि ऊन यांना साग पुष्कळ वर्षे दाद देत नाही. आगीपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

सागाचे खोड आडवे कापले, तर त्यात दोन रंग दिसतात. बाहेरच्या बाजूला पांढरट लाकूड असते. आत सोनेरी तपकिरी गाभा असतो. या गाभ्यात तेलकट अंश असतो. तो वाळवीला आणि बुरशीला आवडत नाही. म्हणून गाभा टिकतो. बाहेरच्या पांढरट लाकडात हा गुण नसतो. वाळवी ते खुशाल खाते. तेव्हा "साग आहे" एवढे ऐकून पैसे मोजू नका. फळीच्या कडेला पांढरा पट्टा आहे का, ते पाहा. नाहीतर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे व्हायचे.

सागाचा दुसरा गुण असा, की तो पाण्याने फार फुगत नाही आणि उन्हाने फार आकसत नाही. म्हणून त्याच्या फळ्यांचे सांधे लवकर उघडत नाहीत. होडी बांधणाऱ्याला याहून अधिक काय पाहिजे?

दोनशे वर्षांचे जहाज

मराठ्यांच्या आरमाराला साग लागत असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याविषयी स्पष्ट सूचना आहेत. आरमारासाठी सागासारखी झाडे हवी असतील तर ती परवानगी घेऊन तोडावीत. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असे त्यात बजावले आहे. झाड लावायला आणि वाढवायला किती वर्षे लागतात, याची जाणीव त्या राज्यकर्त्यांना होती.

पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी कारागिरांनी सागाची मोठमोठी जहाजे बांधली. या घराण्याचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले. त्यांच्याच वंशातील जमशेटजी बमनजी वाडिया यांनी 'त्रिंकोमाली' नावाचे लढाऊ जहाज बांधले. ते १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या पाण्यात उतरले. साग मलबारचा होता. त्या काळी इंग्रजांकडे जहाजासाठी लागणाऱ्या ओक नावाच्या झाडाचा तुटवडा पडला होता. म्हणून त्यांनी आपल्याकडच्या सागाचा आधार घेतला.

हे जहाज आज कुठे आहे, सांगा बरे? इंग्लंडमध्ये हार्टलपूल या गावी आहे, आणि अजून पाण्यावर तरंगते आहे! दोनशे वर्षे उलटून गेली. लोक तिकीट काढून ते पाहायला जातात.

आता कोणी म्हणेल, "साग आहे, म्हणून टिकला." तसे नाही. साग होता हे खरे. पण त्याची निगाही राखली गेली. मध्यंतरी जहाज फार मोडकळीला आले होते. कारागिरांनी कित्येक वर्षे खपून ते नीट केले. ते काम २००१ साली पुरे झाले. चांगले लाकूड हे चांगल्या बियाण्यासारखे आहे. बियाणे उत्तम असले तरी खुरपणी चुकत नाही.

लाकडाचे शत्रू कोण?

होडीवाल्याला विचारा, "तुझ्या लाकडाचा शत्रू कोण?" तुम्हाला वाटेल, तो म्हणेल समुद्र. पण तो तसे म्हणणार नाही. समुद्रात लाकूड पोखरणारा एक किडा असतो, हे खरे. त्यासाठी होडीच्या तळाला चुना आणि चरबी लावीत. मोठ्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकीत. पण पाण्याच्या वरचे जे लाकूड असते, ते समुद्राच्या पाण्याने सडत नाही. ते सडते पावसाच्या गोड्या पाण्याने!

याचे कारण सोपे आहे. लाकूड सडते म्हणजे त्याला बुरशी खाते. खारात बुरशीला वाढता येत नाही. आपण कैरीच्या लोणच्यात मीठ घालतो ते कशासाठी? तसेच हे आहे. पूर्वी खलाशी रोज सकाळी समुद्राचे पाणी ओतून जहाजाची जमीन धूत. त्याने लाकूड स्वच्छ राही आणि फळ्याही सुकून उघडत नसत. परदेशात काही जहाज बांधणारे तर फळ्यांच्या आतल्या पोकळीत मीठच भरून ठेवीत.

गोडे पाणी मात्र एखाद्या कोपऱ्यात साचले, की बुरशीचे फावते. होडी सडू लागते ती डोलकाठीच्या बुडाशी, कठड्याच्या सांध्यात, झाकणाच्या खाली. म्हणजे जिथे पावसाचे पाणी अडकते आणि वारा पोचत नाही, तिथे. लाकडावर पाऊस पडतो, पाणी वाहून जाते, वारा लागतो, लाकूड सुकते. त्याने सागाचे काही बिघडत नाही. बिघडते ते साचलेल्या पाण्याने.

आजच्या भाषणातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर हे ठेवा: लाकडाला भिजण्याचे भय नाही, ओले राहण्याचे भय आहे.

दुसरा शत्रू ऊन. उन्हाने सागाचा वरचा पदर विरतो. पावसाने तो धुऊन जातो. मग सोनेरी साग राखेसारखा करडा दिसू लागतो. पण हा करडेपणा वरवरचा असतो. नखाच्या जाडीपेक्षाही तो कमी खोल असतो. उन्हात रापलेल्या माणसाची कातडी काळवंडते. म्हणून तो माणूस आजारी असतो का? तसेच हे.

सडले की नुसते रापले?

आता त्या बाईंच्या दरवाजाकडे येऊ. लाकूड सडले आहे की नुसते रापले आहे, हे कसे ओळखावे? होडी विकत घेणारा शहाणा माणूस खिशात एक टोकदार चाकू ठेवतो. तुमच्याकडे दाभण असेल तर तेही चालेल.

पहिली परीक्षा टोचण्याची. दाभणाचे टोक लाकडावर टेकवा आणि दाबा. टोक अडले, तर लाकूड निरोगी आहे. टोक भाकरीत शिरावे तसे शिरले, तर तिथे सड आहे. ही परीक्षा दाराच्या मध्यभागी करू नका. मधला भाग बहुधा चांगलाच असतो. चौकटीचे पाय जिथे उंबऱ्याला टेकतात, तिथे टोचा. दाराच्या अगदी खालच्या कडेला टोचा. बिजागरीच्या आसपास टोचा.

दुसरी परीक्षा वाजवण्याची. बोटाच्या पेराने किंवा लहान हातोडीने ठोका. चांगले लाकूड खणखणीत वाजते. सडलेले लाकूड बद्द वाजते. मडके विकत घेताना आपण हेच करतो.

तिसरी परीक्षा खरवडण्याची. आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने घासा. करडा पदर गेला आणि खाली सोनेरी रंग दिसला, तर आत साग जिवंत आहे.

या तिन्ही परीक्षा त्या दरवाजाच्या झाल्या. फक्त एका फळीचे खालचे चार बोटे लाकूड मऊ निघाले. बाकी सारा दरवाजा लोखंडासारखा. चार बोटांसाठी सबंध दरवाजा जळणाच्या भावात द्यायचा का? सुतार ते चार बोटे कापून तिथे सागाचाच तुकडा सांधून देतो. होडीवालेही असेच करतात. फळीचा सडका भाग काढतात, नवा तुकडा तिरका सांधून बसवतात. सबंध होडी कोणी फेकत नाही.

होडीवाले काय करतात?

आपल्या कोकणात पावसाळ्यात मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. त्यांच्यावर नारळाच्या झावळ्यांचे झाप घालतात. का बरे? समुद्रात चालणारी होडी पावसाने का झाकायची? आता तुम्हीच उत्तर द्याल. गोडे पाणी आत साचू नये म्हणून!

लाकडी होडीच्या फटी कापूस ठासून आणि वर राळ-तेल भरून बंद करतात. लाकडाला माशाचे तेल किंवा काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची जुनी चाल आहे. आज तिकडेही पुष्कळ होड्या फायबरच्या झाल्या आहेत आणि शिडांच्या जागी इंजिने आली आहेत. तरी लाकडी होड्या अजून आहेत, आणि हे ज्ञानही आहे.

हौसेने फिरण्याच्या किंवा शर्यतीच्या शिडाच्या होड्या असतात. त्यांचे अंग आता बहुधा फायबरचे असते. पण पायाखालच्या फळ्या, कठडे, बसायच्या जागा, दारे आणि झाकणे पुष्कळदा सागाची असतात. त्या सागाची निगा तीन प्रकारे राखतात.

पहिला प्रकार, काहीच न लावणे. पायाखालच्या फळ्यांना काहीही लावत नाहीत. कारण चकचकीत रोगणावर ओला पाय घसरतो. उघड्या सागावर पाय चिकटून राहतो. या फळ्या करड्या पडतात, पडू देतात. फक्त मऊ कुंचल्याने आणि खाऱ्या पाण्याने धुतात. धुताना कुंचला लाकडाच्या रेषांना आडवा फिरवतात. रेषांच्या बाजूने जोरात घासले, तर दोन रेषांमधले मऊ लाकूड निघून जाते आणि फळीवर पन्हळी पडतात.

दुसरा प्रकार, तेल लावणे. तेल लाकडात मुरते आणि पाण्याला अडवते. त्याचा थर सुटून पडत नाही. पण ते उन्हाने लवकर ओसरते. म्हणून वर्षातून दोन-तीनदा लावावे लागते.

तिसरा प्रकार, रोगण म्हणजे व्हार्निश लावणे. होडीच्या कठड्यावर सहा ते आठ पातळ हात देतात. तो काचेसारखा चमकतो. पण दर वर्षी हलके घासून त्यावर एक-दोन नवे हात द्यावेच लागतात. आणि मुख्य म्हणजे ओरखडा पडला, की तो त्याच आठवड्यात बुजवतात. कारण ओरखड्यातून पाणी रोगणाखाली शिरते. शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. मग खाली काळे डाग पडतात आणि रोगण पापुद्र्यासारखे सुटते.

आपल्या दाराला काय लावावे?

दार ओसरीत आहे, त्यावर ऊन-पाऊस थेट येत नाही, तर रोगण लावायला हरकत नाही. दार उघड्यावर आहे, तर माझे मत तेलाला आहे. तेल आपले आपल्याला लावता येते. ओसरले तर पुन्हा लावता येते. त्यासाठी काही खरवडावे लागत नाही.

रंगाचे काय? रंग वाईट नाही. कोरड्या लाकडावर सर्व बाजूंनी नीट दिलेला रंग लाकूड राखतो. पण ओल्या लाकडावर रंग फासला, तर पाणी आत कोंडले जाते. बाहेरून दार नवेकोरे दिसते आणि आतून सडत असते. वरून कीर्तन आणि आतून तमाशा! लग्नकार्य आले, की आपण घाईघाईने हेच करतो.

तेल लावण्याची रीत सांगतो. नीट ऐका.

१. दार धुवा. साधा साबण, पाणी आणि मऊ कुंचला पुरे. कॉस्टिक सोडा किंवा संडास धुण्याचे आम्ल लावू नका. त्याने साग काळा पडतो आणि त्याचे तंतू खाल्ले जातात. गाड्या धुण्याचा जोराचा फवाराही मारू नका.

२. दार चांगले सुकू द्या. तीन-चार दिवसांचे कोरडे ऊन-वारे लागले पाहिजे. इथे घाई नको.

३. पॉलिश पेपरने घासा. आधी १२० नंबरचा, मग २२० नंबरचा. घासताना लाकडाच्या रेषांच्या बाजूने घासा, आडवे नको. नाका-तोंडाला फडके बांधा. धूळ पुसून काढा.

४. जवसाचे तेल आणा. कच्चे तेल सुकायला कित्येक दिवस घेते. म्हणून डब्यावर 'डबल बॉइल्ड' लिहिलेले पाहून घ्या. तुम्हाला आता वाचता येते, तेव्हा डबा वाचूनच घ्या! दुकानदाराच्या तोंडाकडे पाहू नका. हे रंगाच्या दुकानातले तेल खाण्याचे नव्हे. ते स्वयंपाकघरात ठेवू नका.

५. पहिल्या हाताला निम्मे तेल आणि निम्मे टर्पेंटाइन घ्या. पातळ तेल खोल मुरते. कुंचल्याने लावा. अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून घ्या. वर राहिलेले तेल पुसले नाही, तर ते चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि पावसाळ्यात काळी बुरशी धरते.

६. एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या हाताला टर्पेंटाइन कमी घ्या. तिसरा हात नुसत्या तेलाचा. प्रत्येक वेळी पुसायला विसरू नका.

७. आता सगळ्यांत महत्त्वाचे. दाराची खालची आणि वरची कड विसरू नका. फळीचा जो कापलेला शेवट असतो, तो सपाट बाजूपेक्षा कितीतरी पटीने अधिक पाणी पितो. झाडाच्या अंगात पाणी चढण्याच्या ज्या बारीक नळ्या असतात, त्यांची तोंडे तिथे उघडी पडलेली असतात. उसाचे कांडे तोडले, की टोकाला कशी छिद्रे दिसतात! होडीवाला आधी फळीच्या टोकांना तेल पाजतो, मग बाकीच्या फळीला. आपण मात्र दिसणारी बाजू चकचकीत करतो आणि खालची कड कोरीच ठेवतो. दार सडते ते तिथूनच. दार बिजागऱ्यांवरून उतरवा आणि टोकांना तेल पिईल तेवढे पाजा.

तेल टिकले आहे का, हे पाहायचे असेल तर दारावर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब अळवाच्या पानावर राहावे तसे उभे राहिले, तर तेल आहे. थेंब पसरून आत जिरले, तर पुन्हा हात देण्याची वेळ आली.

चिंध्यांचा धोका

मघाशी मी शनिवारवाड्याच्या आगीची गोष्ट ध्यानात ठेवायला सांगितली होती. ती आग कशाने लागली, हा आजचा विषय नाही. पण ज्या तेलाने आपण लाकूड वाचवतो, त्याच तेलाने घराला आग लागू शकते, हे सांगायचे आहे. आणि तीही काडी न ओढता.

जवसाचे तेल पाण्यासारखे उडून सुकत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. असे होताना उष्णता निघते. फडके मोकळे पसरलेले असेल, तर ही उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. पण तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर उष्णता आतच कोंडते. बोळा तापत जातो. काही तासांनी धुमसू लागतो आणि मग पेट घेतो. ओल्या गवताची गंजी घातली, की ती आतून तापते, हे तुम्ही पाहिले असेल. तसाच हा प्रकार आहे. दुपारी काम संपते, माणसे झोपतात आणि रात्री आग लागते. होड्यांच्या कारखान्यात आणि सुताराच्या दुकानात अशा आगी लागलेल्या आहेत.

उपाय अगदी सोपा आहे. काम झाले, की प्रत्येक चिंधी वेगळी करून अंगणात दगडावर किंवा तारेवर पसरा. ती कडक, पापडासारखी झाली म्हणजे भय गेले. नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून वर झाकण लावा. कडब्याजवळ, जिन्याखाली, गोधड्यांच्या ढिगाशेजारी ती चिंधी कधीही टाकू नका. घरातल्या पोरासोरांनाही हे सांगून ठेवा.

आणखी दोन गोष्टी. टर्पेंटाइन पेट घेते. चुलीजवळ, गॅसजवळ ते उघडू नका आणि काम करताना विडी ओढू नका. काजूच्या टरफलाचे तेल कोणी आणून दिले, तर ते हाताला लागू देऊ नका. त्याने कातडी भाजल्यासारखी होऊन फोड येतात.

निगा कधी राखावी?

होडीवाला वर्षाचा हिशेब पावसावरून मांडतो. आपणही तसाच मांडू.

होळी झाली, की दार धुऊन, सुकवून तेलाचे हात द्या. पण भर दुपारच्या उन्हात देऊ नका. तापलेल्या लाकडावर तेल नीट मुरत नाही. सकाळी किंवा कलत्या उन्हात काम करा.

पाऊस सुरू होण्याआधी पाणी कुठे साचते ते पाहा. उंबऱ्याशी माती, पालापाचोळा साठला असेल तर काढून टाका. पागोळ्यांचे पाणी चौकटीच्या पायावर पडत असेल, तर पत्रा थोडा पुढे सरकवा. चौकटीच्या फटीत सिमेंट भरू नका. लाकूड थोडे तरी फुगते आणि आकसते. सिमेंट तसे करत नाही. दोघांमध्ये बारीक फट राहते, तिच्यात पाणी शिरते आणि तिथेच बसते. फट मोठी असेल तर सागाची पातळ पट्टी बसवून घ्या.

पावसाळ्यात दार सताड उघडे किंवा सदा बंद ठेवू नका. दाराच्या दोन्ही बाजूंना वारा लागू द्या. ओली पोती, ओले कपडे दारावर टाकू नका.

आणि दसऱ्याला आपण दाराला तोरण बांधतो. झेंडू आणि आंब्याची पाने वर लावतो. त्याच दिवशी एकदा खाली वाका. दाराच्या खालच्या कडेला आणि चौकटीच्या पायांना दाभण टोचून बघा. ओल दिसली, तर दार उतरवून सुकवा आणि त्या टोकांना एक हात तेल द्या. एका दारासाठी वर्षाकाठी लिटरभर तेल आणि दोन-तीन दिवसांची मेहनत लागेल. नवे सागवानी दार करायला काय खर्च येतो, हे कोणत्याही सुताराला विचारा, मग हिशेब तुमचा तुम्हीच करा.

सागाचे झाड मोठे व्हायला माणसाचा सबंध जन्म जातो. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या झाडाचे दार केले, ते झाड त्यांच्याही आधी कोणीतरी जंगलात राखले होते. ते दार आपल्या हातून जळणात जाऊ नये. ते नातवंडांच्या हाती जावे.

 

वाचून झाल्यावर उत्तरे द्या

१. समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचे पाणी होडीच्या लाकडाला अधिक वाईट का?
२. करडे पडलेले लाकूड सडले आहे की नाही, हे कसे ओळखाल? तीन परीक्षा सांगा.
३. होडीच्या पायाखालच्या फळ्यांना रोगण का लावत नाहीत?
४. दाराच्या खालच्या कडेला तेल का पाजावे?
५. तेलाच्या चिंध्यांचे काय कराल? घरातल्या सर्वांना समजावून सांगा.
६. आपल्या घरातले किंवा गावच्या देवळातले एक जुने लाकूडकाम पाहा. त्यावर पाणी कुठे साचते, ते पाच ओळींत लिहा.